संगम आणि माळरान : मराठी साहित्यातील अवर्षण व अतिवृष्टीच्या चित्रणाची चिकित्सा

सारांश :

कृष्णा खोऱ्यात अतिवृष्टी आणि अवर्षण या एकमेकांपासून दूर असलेल्या घटना नाहीत. मराठी साहित्याने आणि समीक्षेने मात्र त्यांची विभागणी केलेली दिसते. दुष्काळ हा ग्रामीण कथात्म साहित्याचा विषय ठरला, तर महापूर हा श्रद्धेचा, वृत्ताचा किंवा वैयक्तिक धैर्याचा. प्रस्तुत लेखात नृसिंहवाडीचा परिसर व माणदेश यांना एकत्र ठेवून ‘गुरुचरित्रा’तील दोन कथा, दक्षिणद्वार व भाकणूक या परंपरा, ‘बनगरवाडी’, ‘गोतावळा’, ‘कणा’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ यांची चिकित्सा केली आहे. पावसाने झालेली हानी कोणाची मानली जाते, हा या चिकित्सेचा मुख्य प्रश्न आहे.

बीजशब्द : अवर्षण, अतिवृष्टी, माणदेश, कृष्णाकाठ, चराऊ रान, ग्रामीण साहित्य, वैरण.

प्रस्तावना

‘अस्मानी-सुलतानी’ हा जोडशब्द मराठी माणसाच्या तोंडी शतकानुशतके आहे. त्यातील ‘अस्मानी’ या शब्दात कोरडे आभाळ आणि कोसळणारे आभाळ असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. आधुनिक मराठी साहित्यात मात्र या शब्दाचा एकच अर्धा भाग ठळक झाला. ग्रामीण साहित्याचा उल्लेख होताच वाचकाच्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन, रिकामी विहीर आणि आभाळाकडे लागलेले डोळे उभे राहतात. पुराच्या पाण्यात कुजणारा ऊस, छपरावर चढलेली माणसे आणि दाव्याला बांधलेली राहून गेलेली म्हैस हे चित्र तितक्या सहजतेने उभे राहत नाही. असे का घडले, हा प्रश्न केवळ आशयसूचीचा नाही. साहित्य ज्या आपत्तीला कथन देते ती समाजाच्या स्मृतीत टिकते आणि जिला ते मिळत नाही ती पंचनाम्याच्या कागदात संपते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार समीक्षेने करणे आवश्यक ठरते.

या विचारासाठी नृसिंहवाडी हे ठिकाण विशेष उपयुक्त आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम, दत्तसंप्रदायाचे क्षेत्र आणि शिरोळ तालुक्याचा सुपीक ऊसपट्टा या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात. शिवाय येथून फार दूर नसलेल्या जत, आटपाडी, खटाव आणि माण या तालुक्यांत महाराष्ट्रातील एक अत्यंत कोरडे माळरान पसरलेले आहे.

१. एका खोऱ्यातील दोन प्रदेश

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे सरकत गेले की हे प्रमाण झपाट्याने घसरते आणि माणदेशात ते पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन थांबते. शिरोळ तालुका या दोन टोकांच्या मधला. येथील स्वतःचा पाऊस बेताचाच. परंतु कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या नद्या पश्चिमेकडील पाऊस या सपाट भूमीत आणून सोडतात. उतार कमी, नदीची वळणे मोठी. त्यामुळे पाणी पुढे सरकण्याऐवजी मागे फुगते. या भागात पुराला ‘फूग’ म्हणतात ते याच अनुभवातून. गावात पाऊस नसताना गावात पाणी येणे ही येथील आपत्तीची खूण आहे.

२०१९ या वर्षाने या दोन प्रदेशांचे नाते विलक्षण स्पष्टपणे दाखवले. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. २०१९ च्या उन्हाळ्यात माणदेशात चारा छावण्या सुरू होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. कोल्हापुरातील राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर वाहिली. सांगली जिल्ह्याचा पश्चिम भाग पाण्याखाली असताना त्याच जिल्ह्याच्या पूर्वभागात पिण्याच्या पाण्याचे टँकर धावत होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे बुडाली. ब्रह्मनाळ हे कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचे गाव आहे आणि येरळा ही खटावच्या दुष्काळी रानातून येणारी, वर्षातील बराच काळ वाळूच दाखवणारी नदी आहे. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला नेण्यात आले होते. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला आणि राजाराम बंधाऱ्यावरील पातळीने २०१९ चीही मर्यादा ओलांडली.

या घटनाक्रमाचा अर्थ असा, की दुष्काळी प्रदेश आणि पूरग्रस्त प्रदेश ही विभागणी नकाशावर सोयीची असली तरी नद्यांना ती मान्य नाही. साहित्याच्या अभ्यासात मात्र ‘माणदेशी साहित्य’ आणि ‘कृष्णाकाठचे साहित्य’ असे दोन कप्पे पाडून ही विभागणी कायम ठेवली जाते.

२. ‘गुरुचरित्रा’तील दोन पिके

नृसिंहवाडीच्या परिसराशी निगडित असलेला सर्वांत प्रभावी ग्रंथ म्हणजे सरस्वती गंगाधरांचे ‘गुरुचरित्र’. या ग्रंथाचे वाचन पारायणाच्या अंगाने होते. शेतीच्या अनुभवाचा दस्तऐवज म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. त्यातील दोन कथा या दृष्टीने लक्षणीय आहेत.

पहिली कथा अठराव्या अध्यायातील. कृष्णा-पंचगंगा संगमाजवळचे अमरापूर, म्हणजे परंपरेनुसार आजचे औरवाड, हे तिचे स्थळ. दरिद्री ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल आहे. भिक्षा न मिळालेल्या दिवशी त्या शेंगांवर कुटुंबाचे पोट भरते. श्रीगुरू भिक्षेस येतात, घेवड्याची भाजी जेवतात आणि जाताना वेल उपटून टाकतात. घरातील स्त्री आक्रोश करते. पुढे वेलाचे मूळ काढताना द्रव्याने भरलेला कुंभ सापडतो. दुसरी कथा सत्तेचाळिसाव्या अध्यायातील, भीमाकाठच्या गाणगापूरची. पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याला श्रीगुरू उभे, अपक्व जोंधळ्याचे पीक कापण्यास सांगतात. तो ग्रामाधिकाऱ्याकडे जातो, गतवर्षाच्या दुप्पट धान्य देण्याचे कबूल करून कापणीची परवानगी मिळवतो आणि बायकापोरांचा विरोध न जुमानता पीक कापतो. काही दिवसांनी शीतवारा सुटतो आणि गावाचे पीक नष्ट होते. मूळ नक्षत्रावर अवकाळी पाऊस पडतो आणि पर्वतेश्वराच्या कापलेल्या ताटांना अनेक फुटवे येऊन अमाप धान्य पिकते.

या दोन्ही कथांची घडण सारखी आहे : हाताशी असलेला आधार आधी नष्ट होतो, मग त्याहून मोठा आधार मिळतो. तरीही त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. घेवड्याच्या कथेत मिळणारे धन जमिनीत पुरलेले आहे. त्याचा पिकाशी संबंध नाही. पर्वतेश्वराच्या कथेत मात्र समृद्धी पिकातूनच येते आणि ती येण्यासाठी वारा, थंडी, नक्षत्र व पाऊस यांचा नेमका क्रम लागतो. सूर्य मूळ नक्षत्रात असतो तो काळ आजच्या गणनेने डिसेंबरच्या उत्तरार्धात येतो. त्या वेळचा पाऊस उभ्या, थंडीने करपलेल्या पिकाच्या कामाचा नसतो. पण कापून मोकळ्या झालेल्या खोडाला तो फुटवे आणू शकतो. जोंधळ्याचा असा खोडवा येतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. ही चमत्काराची उकल नव्हे. कथा श्रद्धेचीच आहे. परंतु तिला पटण्याजोगी करणारे साहित्य कवीने शेतातून उचलले आहे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट सारादेणीची. भक्त म्हणून पर्वतेश्वर निःशंक असला, तरी कथा ग्रामाधिकाऱ्याला विसरत नाही. पीक कापण्याआधी धान्याची हमी द्यावी लागते. म्हणजे हवामानाची जोखीम शेतकऱ्याची आणि उत्पन्नावरचा पहिला हक्क अधिकाऱ्याचा, ही व्यवस्था कथेच्या पायाशी आहे. तिसरी गोष्ट रडणाऱ्या कुटुंबाची. दोन्ही कथांत विरोधाचा आवाज घरातल्या स्त्रीचा आहे आणि परंपरेने तो अज्ञानाचा आवाज मानला. वास्तविक घरातले धान्य किती दिवस पुरेल याचा हिशेब त्या आवाजातच आहे. कथेचा शेवट सुखाचा असल्याने हा हिशेब झाकला जातो. शिवाय गावातील इतरांचे पीक गेले ते गेलेच. एका शेताची कृपा सांगताना कथा शेजारच्या शेतांचे नुकसान केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरते. दैवी कथनाची ही मर्यादा पुढील काळातील लौकिक कथनांतही निराळ्या रूपात आढळते.

३. दक्षिणद्वार आणि भाकणूक

नृसिंहवाडीत कृष्णेचे पाणी चढत जाऊन मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते. तेव्हा दक्षिणद्वार सोहळा झाला असे म्हणतात. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक जमतात. पाणी चढतानाचा आणि उतरतानाचा असे दोन सोहळे मानले जातात. या विधीत पुराला शत्रू मानलेले नाही. नदी देवाच्या भेटीला येते आणि परत जाते. नदीकाठच्या समाजाने पाण्याच्या चढउताराशी जुळवून घेण्याची जी रीत घडवली, तिचे हे सुंदर रूप आहे. पाणी येणारच, तेव्हा उत्सवमूर्ती वर हलवायची, दुकाने आवरायची आणि पाणी उतरण्याची वाट पाहायची, हे व्यवहारज्ञान त्यात सामावलेले आहे.

परंतु हा विधी एका ठरावीक मापाच्या पुरासाठी रचलेला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पाणी पादुकांवरून वाहून थांबले नाही. मंदिर, बाजार आणि घरे यांच्यावरही ते आले. तेव्हा सोहळ्याची भाषा अपुरी पडली आणि तिची जागा घेऊ शकेल अशी दुसरी भाषा तयार नव्हती. उरली ती वृत्तपत्रांची फूट-इंचांची भाषा आणि पंचनाम्याची हेक्टर-गुंठ्यांची भाषा.

याच कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याच्या उधळणीत फरांडे बाबांची भाकणूक होते. पाऊस, पीक, धारण आणि रोगराई यांविषयीचे ते वर्षाचे भाकीत असते. दक्षिणद्वार ही स्थिर वस्तीची, शेतीची आणि नदीची संहिता. भाकणूक ही चालत्या कळपांची, धनगरांची आणि माळरानाची संहिता. पहिली आलेल्या पाण्याचा अर्थ लावते, दुसरी न आलेल्या पावसाचा अंदाज घेते. पहिलीचे बोल ठरलेले आहेत, दुसरीचे दरवर्षी नव्याने ऐकावे लागतात. मेंढपाळाला हे ऐकावेच लागते, कारण कळप कोणत्या दिशेने न्यायचा हा निर्णय त्याच्यासमोर असतो. गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांच्या संशोधनाने पशुपालक समाजाच्या दैवतांचे महत्त्व मराठी संस्कृतीच्या केंद्राशी आणून ठेवले. दैवतशास्त्रात झालेले हे पुनर्मूल्यांकन ग्रामीण साहित्याच्या समीक्षेपर्यंत पुरेसे पोहोचले नाही. तेथे ‘शेतकरी’ म्हणजे कसणारा, ही व्याख्या गृहीतच धरली गेली.

४. ‘बनगरवाडी’ : वाफसा आणि बैल

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही या संदर्भातील सर्वांत महत्त्वाची कादंबरी. औंध संस्थानातील धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर राजाराम सौंदणीकर हा तिचा निवेदक. शाळा सुरू होते, कारभाऱ्याचा विश्वास संपादन होतो, तालीम उभी राहते, राजा येऊन जातो आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी रिकामी होते. या शेवटाकडे समीक्षेने बहुधा नियतीच्या दृष्टीने पाहिले. माणसाने उभारलेले सारे निसर्ग एका फटक्यात पुसून टाकतो, असा तो अर्थ. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दुष्काळ कादंबरीच्या शेवटी येत नाही. तो पहिल्यापासून तिच्या रचनेत आहे.

शेकूचा प्रसंग याचा पुरावा म्हणून पाहता येईल. शेकूची बैलजोडी पुरी नाही आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू ओढते. हा प्रसंग दारिद्र्याचे हृदयद्रावक चित्र म्हणून नेहमी उल्लेखिला जातो. त्याचे मर्म मात्र वाफशात आहे. कोरडवाहू रानात पाऊस पडल्यानंतर जमीन कसण्याजोगी राहते ते मोजके दिवस. त्या दिवसांत जोडी नसेल तर पडलेला पाऊसही उपयोगाचा नाही. म्हणजे शेकूवर आलेले संकट आभाळातून आलेले नाही. पाऊस झाला आहे आणि तरीही त्याच्यापुरता दुष्काळ आहे. पाऊस पुरेसा की अपुरा हे केवळ मिलिमीटरांवर ठरत नसून, तो झेलण्याची साधने कोणाकडे आहेत यावरही ठरते, हे माडगूळकर एकही विधान न करता दाखवतात. घरच्या स्त्रीच्या खांद्यावर जू येते तेव्हा तुटवड्याचा भार शेवटी कोण वाहतो हेही त्यातून दिसते. पर्वतेश्वराच्या कथेत स्त्रीचा विरोध तरी ऐकू येतो. येथे ती निमूटपणे ओढते.

दुसरी गोष्ट मेंढरांची. शेतीच्या दुष्काळाचे माप धान्य असते, चराऊ रानाच्या दुष्काळाचे माप गवत. गवत आधी संपते. धान्याची पेव असू शकते, विकत आणता येते, उसने घेता येते. हजारभर मेंढरांना पुरेल एवढे गवत उसने मिळत नाही. म्हणून मेंढपाळाचा एकमेव उपाय म्हणजे चालू लागणे. वाडी रिकामी होते याचा अर्थ सर्वस्वी पराभव असा घेण्याची सवय स्थिर वस्तीच्या वाचकाला असते. मास्तरही त्याच नजरेने पाहतो, कारण त्याची शाळा भिंतींची आहे. धनगरांच्या जीवनक्रमात मात्र स्थलांतर हा नेहमीचा व्यवहार आहे. पावसाळ्यात पूर्वेकडच्या कोरड्या माळावर राहायचे, पाऊस ओसरला की पश्चिमेकडे सरकायचे आणि वाटेत शेतात कळप बसवून लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, असा हा क्रम. ‘बनगरवाडी’तील शोकात्मता स्थलांतरात नाही, परतण्याची खात्री उरत नाही, यात आहे. निवेदकाची नजर आणि वाडीची नजर यांतील हे अंतर लक्षात घेतल्यास कादंबरीचा शेवट अधिक गंभीर होतो.

या क्रमात अवेळी पाऊस आला तर काय होते, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. डिसेंबर २०२१ च्या प्रारंभी पुणे-नगर भागात अवकाळी पाऊस आणि थंडी यांमुळे उघड्या रानात बसलेली शेकडो मेंढरे दगावली. ‘गुरुचरित्रा’तील शीतवारा आणि अवकाळी पाऊस यांचाच हा जोड, मात्र येथे फुटवे येणारे काही नव्हते. कोरड्या प्रदेशाला पाऊस हवाच असतो, हे नागर गृहीतक येथे कोसळते. मेंढपाळाला पाऊस हवा असतो तो त्याच्या वेळी आणि त्याच्या मापाने.

५. ओल्या बाजूचे कथन

कृष्णा-पंचगंगेच्या ओल्या बाजूचे कथन मराठीत नाहीच, असे म्हणता येणार नाही. आनंद यादव यांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कागल परिसराच्या बोलीतील कादंबरी या बाजूची. नारबा या शेतगड्याचा गोतावळा म्हणजे मळ्यातील जनावरे. ट्रॅक्टर येतो आणि ती एकेक करून जातात. येथे हानी होते ती पावसाने नव्हे, तर पाणी आणि यंत्र हाताशी आल्याने. ‘बनगरवाडी’त जनावर निसर्गाच्या कोपाने जाते, ‘गोतावळा’त प्रगतीच्या हिशेबाने; आणि दोन्हीकडे ज्याची उपजीविका जनावराशी बांधलेली आहे त्याच्या नावावर जमीन नसते अथवा असून पुरेशी नसते. अलीकडच्या काळात कृष्णात खोत यांनी ‘झड-झिंबड’मध्ये लागून राहिलेल्या पावसाला कथनाच्या केंद्रस्थानी आणले, तर साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त (२०२३) ‘रिंगाण’मध्ये धरणग्रस्तांचे विस्थापन आणि मागे राहिलेले जनावर यांचा संबंध उभा केला. ही महत्त्वाची भर होय. मात्र या कादंबऱ्या डोंगराकडच्या. संगमाच्या सपाटीवरचा, हळूहळू चढणारा आणि उतरायला दिवसेंदिवस लावणारा पूर दुष्काळाइतका कादंबरीच्या पानांत रुजलेला नाही.

पुराची मराठीतील सर्वश्रुत कविता म्हणजे कुसुमाग्रजांची ‘कणा’. महापुरानंतर तिची आठवण हमखास काढली जाते. सर्वस्व गमावलेला माणूस मदत न मागता केवळ धीराची थाप मागतो, हे तिचे सामर्थ्य. परंतु ही कविता घराची आहे. तीत पाणी घरात शिरते आणि घरातील वस्तू नेते. शेत, गोठा, वैरण यांचा तीत प्रश्न नाही. तो असावा अशी अपेक्षाही अन्यायकारक होईल. प्रश्न कवितेचा नसून तिच्या वापराचा आहे. ऊसपट्ट्यातील पूरग्रस्ताला ती कविता ऐकवताना त्याच्या नुकसानीचे रूपांतर नकळत धैर्याच्या परीक्षेत होते आणि मदतीचा हक्क मागणे हे जणू कण्याच्या उणिवेचे लक्षण ठरते.

पुराने शेतीचे काय होते याचा तपशील पाहिला म्हणजे कथनाला येथे किती वाव होता हे कळते. उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस काही दिवस तग धरतो. गढूळ पाणी सुरळीत शिरले की तो कुजतो. ऊस गेला म्हणजे केवळ कारखान्याचे बिल गेले असे नाही. या भागातील म्हशींची वैरण बऱ्याच अंशी उसाच्या वाड्यावर चालते. नदीकाठचे गवत, बांधावरचा चारा आणि गोठ्यातला साठवलेला कडबा हेही त्याच पाण्यात जातात. चहूबाजूंनी पाणी असताना दावणीला वैरण नसते. म्हणजे महापुराच्या पोटात एक दुष्काळ दडलेला असतो आणि तो जनावराच्या दावणीवर प्रथम दिसतो. माणदेशातील चारा छावणी आणि पूरग्रस्त गावाबाहेर उंचवट्यावर बांधलेल्या म्हशी ही दोन दृश्ये वेगळ्या आपत्तींची वाटतात; जनावराच्या बाजूने पाहिले तर ती एकाच आपत्तीची आहेत. पूर ओसरल्यावर दुसरे संकट उरते. शिरोळ तालुक्यातील हजारो हेक्टर जमीन अतिसिंचन आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे क्षारपड झालेली आहे. अशा पाणथळ रानाला दरसालचे साचलेले पाणी अधिकच मारते. हा कुजण्याचा, फुगण्याचा आणि खारावण्याचा संथ काळ दुष्काळाइतकाच दीर्घ आहे. पूर ही क्षणिक घटना असल्याने तिला कादंबरी लाभली नाही, हे स्पष्टीकरण म्हणूनच टिकत नाही.

६. ‘शेतकऱ्याचा असूड’ : तुटलेला धागा

दोन्ही आपत्तींना एकाच हिशेबात मांडणारे लेखन मराठीत १९ व्या शतकातच झाले होते. महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) दक्षिणेतील १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर लिहिला गेला. त्यात फुले केवळ पाऊस न पडण्याविषयी बोलत नाहीत. डोंगरउतारावरून वाहून जाणारे पाणी शेतातील सत्त्व नेते, म्हणून ताली-बंधारे बांधून ते अडवावे आणि त्या कामी सरकारने पोलीस व पलटणीतील शिपायांना लावावे, असे ते सुचवतात. जंगल खात्याने गायराने व डोंगर ताब्यात घेतल्याने गरीब शेतकऱ्याला आपली जनावरे चारण्यास जागा उरली नाही, ही त्यांची दुसरी तक्रार. पाणी, माती, गवत आणि सत्ता हे चारही घटक त्यांच्या मांडणीत एकत्र येतात. पर्वतेश्वराच्या कथेतील ग्रामाधिकारी येथे पार्श्वभूमीतून पुढे ओढला जातो आणि त्याला जाब विचारला जातो.

पुढील काळात ‘असूडा’कडे सामाजिक विचाराचा ग्रंथ म्हणून आणि ग्रामीण कादंबरीकडे कलाकृती म्हणून पाहण्याची विभागणी रूढ झाली. त्यामुळे पावसाकडे निसर्ग आणि व्यवस्था या दोन्ही बाजूंनी पाहणारी फुल्यांची दृष्टी साहित्यसमीक्षेतून निसटली. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’मध्ये (१९५९) उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक ती दृष्टी काही प्रमाणात पुन्हा जागवतो, धान्य नाही म्हणून नव्हे, तर धान्य कोठारात बंद आहे म्हणून माणसे मरतात, हे तेथे स्पष्ट आहे. प्रत्यक्ष जीवनात मात्र हा धागा तुटला नाही. येरळेच्या पात्रातील वाळू उपशाविरुद्ध उभी राहिलेली चळवळ आणि लोकांनी बांधलेले बळीराजा धरण, तसेच १९९० च्या दशकात आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या पाणी परिषदा यांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. आज टेंभू योजनेचे पाणी आटपाडी तालुक्यात पोहोचले आहे. कृष्णाकाठ आणि माणदेश ही जोडणी चळवळीने आणि उपसा योजनांनी केली. साहित्याच्या अभ्यासाने ती अद्याप करावयाची आहे.

निष्कर्ष

१. अवर्षण आणि अतिवृष्टी यांचे चित्रण मराठीत भिन्न साहित्यप्रकारांत विभागले गेले. ही विभागणी अनुभवातून नव्हे, तर समीक्षेच्या प्रादेशिक कप्प्यांतून दृढ झाली.

२. ‘गुरुचरित्रा’तील कथांत हवामान, सारा आणि कुटुंबाचा हिशेब यांचे ठोस भान आहे, परंतु कृपेचा लाभ एका व्यक्तीपुरता राहतो आणि सामूहिक हानी पार्श्वभूमीत जाते. ‘कणा’च्या आजच्या वापरातही हाच दोष आढळतो.

३. ‘बनगरवाडी’तील दुष्काळ हा शेवटचा आघात नसून साधनांच्या विषमतेत आधीपासून असलेली स्थिती आहे. चराऊ रानाच्या दृष्टीने वाचल्यास तिचा शेवट नियतीपेक्षा व्यवस्थेकडे अधिक निर्देश करतो.

४. पूर आणि दुष्काळ यांचा समान बिंदू जनावराची वैरण हा आहे. जमीन केंद्रस्थानी ठेवणाऱ्या ग्रामीण साहित्याच्या व्याख्येत तो सामावत नाही.

समारोप

पंचनाम्यात सातबाऱ्यावरील क्षेत्र लिहिले जाते. मेलेल्या जनावराची नोंद होते. वैरणीअभावी विकावे लागलेले जनावर, खुरे सडून मागे राहिलेले मेंढरू किंवा गायरानातील बुडालेले गवत यांना त्या कागदात रकाना नाही. साहित्याकडे असे रकाने नसतात, म्हणून त्याने तरी ही नोंद ठेवावी अशी अपेक्षा असते. माडगूळकरांनी कोरड्या बाजूची ही नोंद ठेवली. ओल्या बाजूची नोंद अजून बरीचशी ओव्यांत, भाकणुकीत आणि पूर ओसरल्यावर गोठ्याच्या भिंतीवर राहिलेल्या गाळाच्या रेघेत आहे. कृष्णाकाठच्या महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी ती रेघ दाखवून २०१९ चे पाणी कोणते आणि २०२१ चे कोणते हे सांगू शकतात. त्यांच्या अभ्यासक्रमातील ग्रामीण साहित्याने ती रेघ वाचावयास शिकणे, हे आता त्या साहित्याच्या अध्यापनाचे काम आहे.